शेफचे नाव, शेफचा एजंट: खाद्य-माध्यमांत उतरताना काय तयार ठेवावे, कशावर सही करावी

माध्यमांत उतरायचे ठरले की बहुतेक शेफ आधी एजंट शोधायला लागतात. हा क्रम उलटा आहे. एजंट मागणी निर्माण करत नाही. आहे त्या मागणीला तो चांगला भाव मिळवून देतो, अटी सुधारतो आणि नको ती कामे तुमच्या दारापर्यंत येऊ देत नाही. मागणीच नसेल तर चांगला एजंटही तुमचे नाव यादीत ठेवून वर्षभर गप्प बसतो. म्हणून आधी नाव कोणाच्या मालकीचे आहे ते पाहा, मग ते कशासाठी ओळखले जावे ते ठरवा, त्यानंतर दाखवायला साहित्य तयार करा. माणूस नेमायचा तो शेवटी.

आधी स्वतःच्या कागदांत डोकावा

नोकरी करत असाल तर नेमणूकपत्र बाहेर काढा आणि तीन गोष्टी शोधा. बाहेरच्या कामाला लेखी परवानगी लागते का? नोकरीच्या काळात तयार केलेल्या पाककृती कोणाच्या? मालकाचे किचन, बोधचिन्ह असलेला कोट आणि हॉटेलचे नाव कॅमेऱ्यावर दाखवता येते का? तोंडी परवानगीवर विसंबू नका. ती देणारा व्यवस्थापक सहा महिन्यांनी बदलतो आणि नव्या माणसाला काहीच माहीत नसते. एका परिच्छेदाचे पत्र पुरते: कोणत्या प्रकारचे काम, महिन्यातून किती दिवस, किचन वापरायचे की नाही, मोबदला कोणाचा.

भागीदारीत रेस्टॉरंट काढले असेल आणि पाटीवर तुमचेच नाव असेल, तर आजच तपासा की ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे. तो कंपनीच्या नावावर असेल आणि उद्या तुम्ही भागीदारी सोडलीत, तर पाटी तिथेच राहते आणि स्वतःच्या नावाने दुसरे दुकान उघडायला तुम्हालाच अडचण येते. त्यापेक्षा ट्रेडमार्क स्वतःकडे ठेवा, कंपनीला तो वापरण्याचा परवाना द्या आणि तुम्ही बाहेर पडल्यावर किती महिन्यांत नाव उतरवायचे ते त्यातच लिहा.

हे इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर कॉपीराइटच्या कायद्यात आहे. घटकांच्या नुसत्या यादीला सहसा कॉपीराइट मिळत नाही. तुम्ही लिहिलेला मजकूर, काढलेले फोटो आणि व्हिडिओ यांना मिळतो. पदार्थ कोणीही करू शकतो, तुमचे नाव लावून तो विकता येत नाही. म्हणजे शेफकडे विकण्यासारखी पक्की मालमत्ता म्हणजे त्याचे नाव. ट्रेडमार्कची नोंदणी वस्तू आणि सेवांच्या ४५ आंतरराष्ट्रीय वर्गांनुसार होते. शेफच्या कामाचे वर्ग साधारण असे: रेस्टॉरंटसाठी ४३, कार्यक्रम आणि प्रशिक्षणासाठी ४१, मसाले आणि सॉससाठी ३०, लोणची-जॅमसारख्या टिकाऊ पदार्थांसाठी २९, भांड्यांसाठी २१, सुऱ्यांसाठी ८, छापील पुस्तकांसाठी १६. सगळे एकदम घेऊ नका. प्रत्येक वर्गाचे शुल्क वेगळे असते आणि वर्षानुवर्षे न वापरलेली नोंदणी बऱ्याच देशांत रद्द होऊ शकते. ४३ आणि ४१ पासून सुरुवात करा. वस्तूंचा करार दृष्टिपथात आला की त्या वर्गाचा अर्ज करा, पण करार जाहीर होण्याआधी.

सोशल मीडियाची खाती आणि संकेतस्थळाचे नाव तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आणि फोन नंबरवर हवे. पेज सांभाळणाऱ्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर खाते उघडलेले असते आणि तो नोकरी सोडून गेल्यावर पासवर्डसाठी धावाधाव होते. ही गोष्ट नेहमी घडते.

नाव कशासाठी घेतले जावे

"पारंपरिक चवींना आधुनिक रूप" या वाक्याने कोणाचेच काम होत नाही, कारण ते हजारो शेफ म्हणतात. कसोटी सोपी आहे: निर्मात्याला किंवा संपादकाला नेमक्या कोणत्या विषयासाठी पहिला फोन तुम्हाला करावासा वाटेल? "आंबवलेल्या पिठांचे रसायन समजावून सांगणारी शेफ", "एका शेगडीवर चार माणसांचे जेवण", "उरलेल्या भाज्यांचे देठ आणि साली वापरणारा शेफ" ही वाक्ये कामाची. एक मुख्य विषय आणि त्याला लागून दोन उपविषय ठरवा. निदान वर्षभर त्याच तिघांवर बोला, लिहा, दाखवा. दर महिन्याला विषय बदलला तर लोक पदार्थ लक्षात ठेवतात, शेफ विसरतात.

याच बैठकीत नकारयादीही लिहून काढा. कोणत्या वस्तूंची जाहिरात कधीच करणार नाही, कोणत्या प्रकारच्या कार्यक्रमात जाणार नाही, आठवड्यातले कोणते दिवस किचन सोडणार नाही. अमेरिकेत १९६३ पासून दूरदर्शनवर फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या जूलिया चाइल्ड यांनी व्यापारी उत्पादनांना आपले नाव कधीच दिले नाही. तेवढे कडक होण्याची सगळ्यांना गरज नाही. पण यादी नसेल तर प्रत्येक निर्णय समोरच्या रकमेकडे पाहून होतो, आणि एका वर्षात तेलाच्या तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांशी बोलणी करून बसल्यावर चौथा कोणी विचारत नाही.

दाखवायचे साहित्य

परिचय तीन लांबींत तयार ठेवा: ५०, १५० आणि ३०० शब्दांत, तृतीयपुरुषी. ५० शब्दांचा सगळ्यात जास्त वापरला जातो, तेव्हा त्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. फोटो किमान चार: चेहऱ्याचा एक आडवा आणि एक उभा, काम करतानाचा एक, पदार्थाचा एक. लांब बाजू ३००० पिक्सेलच्या वर असावी. छायाचित्रकाराकडून प्रसिद्धीसाठी वापरण्याची लेखी परवानगी घ्या. फोटोचे हक्क बहुधा त्याच्याकडेच राहतात, आणि तुम्ही मासिकाला दिलेल्या फोटोचे बिल मासिकाला गेले तर ते मासिक तुम्हाला पुन्हा बोलावत नाही.

शोरील, म्हणजे निर्मात्याला दाखवायची तुमच्या कामाची छोटी चित्रफीत, ६० ते ९० सेकंदांची पुरे. पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही कॅमेऱ्याकडे पाहून बोलताना दिसले पाहिजे. ताटावर सॉस सोडतानाची संथ दृश्ये आणि त्यावर संगीत अशा रीलमधून निर्मात्याला काहीच कळत नाही. त्याला पाहायचे असते की हात चालू असताना तुमचे तोंड चालते का. म्हणून सोबत तीन मिनिटांचा एक अखंड, न कापलेला तुकडाही द्या.

आता पाककृती. नाव सगळ्यात लवकर कशाने खराब होत असेल, तर घरी न जमणाऱ्या पाककृतीने. रेस्टॉरंटची ४० जणांची पाककृती दहाने भागली की चार जणांची होत नाही. छोट्या भांड्यात द्रवाच्या मानाने उघडा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे पाणी लवकर आटते आणि मीठ पुढे येते. घरचा बर्नर व्यावसायिक बर्नरपेक्षा बराच मंद असतो, त्यामुळे कढईत एकदम भाज्या टाकल्या की त्या परतल्या जाण्याऐवजी पाणी सोडून शिजतात. किचनमध्ये तयार असलेला स्टॉक (भाज्या किंवा हाडे उकळून काढलेले पाणी), आधीच भाजलेला मसाला, भिजवलेली डाळ यांचा वेळ शेफ लिहायला विसरतो. म्हणून प्रसिद्ध करायची प्रत्येक पाककृती घरच्या शेगडीवर किमान तीनदा करा, त्यातली एकदा शेफ नसलेल्या माणसाकडून. तो करत असताना तुम्ही बोलायचे नाही, फक्त तो जिथे अडखळतो तिथे खूण करायची. वजने ग्रॅममध्ये लिहा आणि शेजारी चमचा-वाटीचे माप द्या. "सोनेरी होईपर्यंत" सोबत मिनिटेही लिहा आणि भांड्याचा व्यास लिहा. अशा तपासलेल्या दहा पाककृती हाताशी असल्या तर संपादकाला त्याच दिवशी उत्तर देता येते, आणि त्याच दिवशी उत्तर देणारे शेफ फार कमी असतात.

चार मिनिटांचे थेट प्रात्यक्षिक

सकाळच्या कार्यक्रमातला चार मिनिटांचा भाग ही पहिली खरी परीक्षा. २४० सेकंदांतले सुमारे २० निवेदकाच्या ओळखीत जातात, शेवटचे ३० चव घेण्यात आणि निरोपात. उरतात तीन मिनिटे. त्यात दोनच कृती दाखवायच्या. बाकी सगळे आधी तयार करून टप्प्याटप्प्याने मांडायचे: मोजून वाट्यांत काढलेले कच्चे साहित्य, अर्धवट शिजलेले एक भांडे, पूर्ण झालेले एक भांडे, आणि फक्त जवळून चित्रित करण्यासाठी सजवलेली एक वेगळी ताटली. या शेवटच्या ताटलीला कोणी हात लावणार नाही हे सेटवर पोहोचताच सांगून ठेवा. नाहीतर निवेदक तालमीतच ती चाखतो.

आदल्या दिवशी फोन करून विचारा: शेगडी गॅसची की इंडक्शनची, पाण्याचा नळ आहे का, ओव्हन खरेच चालतो की नुसता शोभेचा आहे. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचे साधे भांडे तापतच नाही, आणि हे थेट प्रक्षेपणात कळणे वाईट. मिक्सर फिरवत बोलायची वेळ येईल असा पदार्थ निवडू नका. बारीक चौकटीची शेफची विजार किंवा बारीक पट्ट्यांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरल्यासारखा दिसतो, म्हणून सपाट रंग घाला. प्रखर दिव्यांखाली पांढरी ताटली चकाकते, मळकट पांढरी किंवा गडद मॅट ताटली बरी.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच असते: शेफ चिरायला लागला की गप्प होतो. किचनमध्ये लक्ष लागले की न बोलण्याची सवय असते, फक्त आदेश द्यायचे असतात. घरी घड्याळ लावून, मोठ्याने बोलत, तोच पदार्थ पाच वेळा करा. तीन वाक्ये पाठ ठेवा: हा पदार्थ का, हमखास चुकणारी एक गोष्ट कोणती, घरी काय बदलता येते. निवेदकाने मध्येच विषय वळवला तरी या तीन वाक्यांवर परत येता येते.

माणूस नेमायची वेळ आणि कोणाला नेमायचे

न मागता पैशांची कामे विचारली जाऊ लागली आणि त्यांची उत्तरे देण्यात किचनचे तास जाऊ लागले, की वेळ झाली. एखादाच करार समजत नसेल तर त्यासाठी एजंट नको, तासाप्रमाणे फी घेणारा वकील पुरतो.

भूमिका नीट ओळखा, कारण प्रत्येकाचा वाटा वेगळा असतो. कार्यक्रम, जाहिराती आणि उपस्थितीची कामे मिळवणारा एजंट बहुधा १० टक्के घेतो. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी कलाकारांना काम मिळवून देण्यासाठी त्याला राज्याचा परवाना लागतो. कारकिर्दीची दिशा आणि रोजचे वेळापत्रक पाहणारा मॅनेजर १५ ते २० टक्के घेतो. पुस्तकांचा एजंट देशातल्या हक्कांवर १५ आणि परदेशी हक्कांवर २० टक्के घेतो, कारण तिथल्या सहएजंटलाही हिस्सा द्यावा लागतो. प्रसिद्धी सांभाळणारा माणूस मासिक फी घेतो. तो लेख आणि मुलाखती आणतो, करार नाही. एजंट, मॅनेजर आणि टक्केवारीवर काम करणारा वकील असे तिघे एकदम नेमले तर उत्पन्नातला ३० टक्क्यांच्या आसपासचा वाटा तुमच्या हाती येण्याआधीच जातो. सुरुवातीला एकच माणूस ठेवा. आणि यादीत घेण्यासाठी नोंदणी शुल्क मागणाऱ्याकडे पाठ फिरवा. त्याचे उत्पन्न तुमच्या कामातून नव्हे, तुमच्याचकडून येणार असते.

भेटीत हे विचारा: माझे काम रोज प्रत्यक्ष कोण पाहणार? माझ्याच विषयाचे आणखी किती शेफ तुमच्याकडे आहेत? पैसे आधी कोणाच्या खात्यात येतील? नाकारलेल्या विचारणा मला कळवाल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "हो, दर महिन्याला यादी पाठवतो" असे हवे. नाकारलेली कामे कळली नाहीत तर बाजार तुमच्याकडे कशासाठी पाहतो ते कधीच कळत नाही.

प्रतिनिधित्वाच्या करारातली कलमे

मुदत एक वर्ष, त्यानंतर ६० ते ९० दिवसांच्या सूचनेवर कोणालाही बाहेर पडता यावे. आपोआप तीन वर्षे वाढणारी मुदत स्वीकारू नका. व्याप्ती नेमकी लिहा: माध्यमे, जाहिराती, उपस्थिती. रेस्टॉरंटचे उत्पन्न, नोकरीचा पगार, स्वतःचे वर्ग आणि आधीपासून असलेले ग्राहक नावानिशी वगळा. "मनोरंजन आणि संबंधित सर्व उत्पन्न" हे शब्द असतील तर नव्या रेस्टॉरंटच्या नफ्यावरही कमिशन मागितले जाऊ शकते.

कमिशन कशावर मोजायचे, यावर बरेच काही ठरते. समजा मोबदला १०० आहे आणि त्यातलेच ३० साहित्य, मदतनीस आणि किचनच्या भाड्यावर जाणार आहेत. २० टक्के कमिशन पूर्ण १०० वर मोजले तर एजंटला २० आणि तुम्हाला ५०. खर्च वजा करून ७० वर मोजले तर एजंटला १४ आणि तुम्हाला ५६. शेफच्या कामात निर्मितीखर्च मोठा असतो, त्यामुळे हा फरक वर्षभरात जाणवतो. उत्तम उपाय म्हणजे निर्मितीखर्चाचे बिल कंपनीला वेगळे लावायचे आणि त्यावर कमिशन नाही, असे करारातच लिहायचे.

करार संपल्यावरच्या कमिशनला मुदत असावी. मुदतीत झालेल्या कामांवर पूर्ण, नूतनीकरण झाले तर पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी निम्मे, पुढे शून्य, अशी उतरती मांडणी मागता येते. तुम्ही ज्या व्यक्तीसाठी संस्थेत आलात ती व्यक्ती संस्था सोडून गेली तर तुम्हालाही जाता यावे, हे कलम आवर्जून घाला. पैसे संस्थेमार्फत येणार असतील तर वेगळ्या खात्यात, आल्यापासून १५ दिवसांत तुमच्याकडे, दर तिमाहीला हिशेबासह. तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार देऊ नका. घाई कितीही असली तरी सही तुमचीच.

ब्रँडचे काम घेताना

मोबदल्याच्या आकड्याआधी चार गोष्टी ठरवा: काय द्यायचे, किती दिवस वापरायचे, कुठे वापरायचे, आणि बदल्यात तुम्ही कोणाचे काम करू शकणार नाही. "एक व्हिडिओ, तीन स्टोरी, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या" असे मोजून लिहा. तिसऱ्या फेरीत पदार्थ पुन्हा शिजवावा लागतो, म्हणजे नवा खर्च. तुमच्या पानावर व्हिडिओ राहणे आणि कंपनीने तोच पैसे लावून जाहिरात म्हणून चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी ३०, ६० किंवा ९० दिवसांची मुदत आणि वेगळा मोबदला हवा. "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" हे शब्द दिसले की थांबा. पाच वर्षांनी तुम्ही प्रतिस्पर्ध्याचे काम कराल तेव्हाही जुन्या कंपनीच्या जाहिरातीत तुमचा चेहरा असेल.

बंधनाची व्याख्या जितकी अरुंद तितकी चांगली. सुऱ्यांच्या कंपनीने "स्वयंपाकघरातील साधने" असा शब्द घातला तर कढया, मिक्सर, काटे-तराजू सगळे बंद. "हाताने वापरायच्या सुऱ्या" एवढेच मान्य करा, आणि काम संपल्यावरचे बंधन ३० दिवसांच्या पुढे असेल तर त्याचा मोबदला मागा.

पैसे घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे स्पष्ट सांगणे बहुतेक ठिकाणी नियमाने आवश्यक आहे. फुकट आलेल्या वस्तूंनाही ते लागू होऊ शकते. खूण मजकुराच्या सुरुवातीला टाका, वीस हॅशटॅगच्या शेवटी नको.

टीव्ही, पुस्तक, वस्तू

स्पर्धात्मक कार्यक्रमांचे करार छापील असतात आणि त्यांत फारसा बदल होत नाही. तरी कार्यक्रमानंतर किती महिने दुसऱ्या वाहिनीवर जाता येत नाही आणि पुढच्या उत्पन्नात वाहिनीचा वाटा आहे का, ही दोन उत्तरे सही करण्याआधी मिळवा. तुमच्या कल्पनेवर निर्मिती संस्थेला हक्क राखून ठेवायचा असेल तर १२ महिने, पैसे देऊन, आणि मुदत संपली की कल्पना परत.

पुस्तकात रॉयल्टीची टक्केवारी ऐकून हुरळून जाऊ नका, ती कशावर आहे ते विचारा. छापील किमतीच्या १० टक्के म्हणजे १०० च्या पुस्तकावर १०. प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर १० टक्के असेल आणि वितरकाची सूट जाऊन त्याला ५० मिळत असतील, तर तुमच्या हाती ५. फोटो आणि पदार्थांची मांडणी यांचा खर्च अनेकदा लेखकाच्या आगाऊ रकमेतूनच जातो. ती रक्कम सही, हस्तलिखित आणि प्रकाशन अशा हप्त्यांत येते, फोटोंचे बिल मात्र मधेच येते. तेव्हा हस्तलिखिताच्या हप्त्याआधी तेवढा पैसा हाताशी ठेवा.

तुमच्या नावाने भांडी किंवा मसाले निघणार असतील तर रॉयल्टीसोबत किमान हमी रक्कम, हिशेब तपासण्याचा हक्क, प्रत्येक नमुन्याला तुमची लेखी मंजुरी, सदोष माल परत मागवावा लागला तर तुमचेही नाव असलेला विमा, आणि करार संपल्यावर उरलेला माल विकायला ठरावीक दिवस, एवढे हवेच. आणखी एक कलम: परवाना घेणारी कंपनी विकली गेली तर तुमच्या संमतीशिवाय नाव पुढे जाणार नाही. २००८ मध्ये अमेरिकेतले टीव्ही-शेफ एमेरिल लगासी यांच्या कार्यक्रमांचे, पुस्तकांचे आणि वस्तूंचे हक्क मार्था स्ट्युअर्ट यांच्या कंपनीने सुमारे ५ कोटी डॉलरना घेतले. रेस्टॉरंट्स लगासींनी स्वतःकडे ठेवली. २०१५ मध्ये ती कंपनीच दुसऱ्या समूहाने घेतली आणि २०१९ मध्ये हे ब्रँड तिसऱ्याकडे गेले. विक्री ही विक्री असते, तिथे असे होणारच. परवाना मात्र परवान्यासारखाच लिहिलेला असावा, म्हणजे मालक बदलला तरी निर्णय तुमच्या हाती राहतो.

वेगळे व्हायचे असेल तर

करारात दिलेल्या पत्त्यावर आणि पद्धतीने लेखी सूचना द्या, संदेश पाठवून भागवू नका. सोबत तीन याद्या मागवा: चालू असलेली कामे, यायची बाकी असलेली रक्कम, आणि बोलणी सुरू असलेल्या कंपन्या. तिसऱ्या यादीसाठी १० दिवसांची मुदत घाला आणि त्यानंतर जोडलेल्या नावांवर कमिशन नाही, असे त्याच पत्रात लिहा. खात्यांचे पासवर्ड त्याच दिवशी बदला. चालू कामांच्या ग्राहकांना दोघांच्या सहीचे दोन ओळींचे पत्र जाऊ द्या: पुढचा पत्रव्यवहार कोणाशी आणि पैसे कोणत्या खात्यात.